सुट्टी झाली, आता वही काढा: बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरचे घरचे महिने

घरी जायची तारीख ठरली की पहिली खरेदी दोनशे पानी वहीची करा. दोन डिजिटल थर्मामीटर, बीपीचं यंत्र, वजनकाटा, ग्लुकोमीटर, मिलिलिटरच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं आणि गोळ्यांचा आठवड्याचा डबा हे सगळं लागणारच आहे. पण वही नसेल तर ही यंत्रं आकडे दाखवतात आणि ते आकडे संध्याकाळपर्यंत विसरले जातात. वॉर्डात दर काही तासांनी सिस्टर जे लिहीत होत्या ते काम आता घरच्या माणसाकडे आलेलं असतं. हे कुणी सावकाश बसून सांगत नाही, कारण डिस्चार्जच्या दिवशी सगळे आनंदात असतात आणि अर्धा दिवस बिलाच्या खिडकीवर जातो.

इथे लिहिलंय ते रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी दुसऱ्याच्या (डोनरच्या) घेतलेल्या, म्हणजे अ‍ॅलोजेनिक ट्रान्सप्लांटबद्दल. मायलोमासारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशंटच्याच पेशी काढून परत देतात, त्यात डोनरच्या पेशींनी पेशंटच्याच अंगावर उठण्याचा, म्हणजे जीव्हीएचडीचा, प्रश्न येत नाही आणि पथ्यंही लवकर सुटतात. दोन्हींची गल्लत करून शेजारच्या बेडवरच्या माणसाशी तुलना करू नका. ‘त्यांना दोन महिन्यांत सगळं खायला दिलं’ हे वाक्य बहुतेक वेळा या गल्लतीतूनच येतं.

भारतातला पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये झाला. टाटाचं हे काम आता नवी मुंबईतल्या खारघरच्या त्यांच्याच केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये चालतं, त्यामुळे नांदेड, अकोला, सातारा अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबं खारघरच्या सेक्टरांमध्ये भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात. कुठल्याही सेंटरला ट्रान्सप्लांट झाला तरी अट साधारण सारखीच असते: निदान १०० दिवस हॉस्पिटलपासून अर्ध्या-एक तासाच्या आत राहायचं. हा अंतराचा हट्ट कशासाठी, ते तापाबद्दल लिहिताना येईलच.

दिवस मोजायची पद्धत आधी पक्की करा. पेशी चढवल्या तो डे झिरो. त्यापुढचं सगळं डे प्लस अमुक असं बोललं जातं, आणि डॉक्टर तारखेपेक्षा हाच आकडा आधी विचारतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की मॅरो ‘लागला’ म्हणतात. प्लेटलेटचं माप वेगळं: सात दिवस बाहेरून प्लेटलेटची पिशवी न देता २०,००० च्या वर. न्यूट्रोफिल साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येतात. आई, वडील किंवा मुलाकडून अर्ध्या जुळणीच्या पेशी घेतल्या असतील तर थोडं उशिरा. प्लेटलेट त्यांच्यामागून, आणि हिमोग्लोबिन सगळ्यांत आळशी. डोनरचा रक्तगट पेशंटशी विरोधी असेल तर लाल पेशी तयार व्हायला कित्येक आठवडे जादा लागू शकतात. त्या काळात हिमोग्लोबिन सातवर अडकलं म्हणून मॅरो फसला असं समजू नका.

घरी येताना पांढऱ्या पेशींचा आकडा बरा दिसतो, पण त्या पेशी नवशिक्या असतात. त्यांतल्या लिम्फोसाइट्सना (शरीराचा पहारा करणाऱ्या पेशींना) पूर्ण कामाला लागायला वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. शिवाय त्यांनी पेशंटच्या शरीरावरच हल्ला करू नये म्हणून त्यांना मुद्दाम दाबून ठेवणारं औषध चालू असतं. म्हणजे रिपोर्ट चांगला, पहारा अर्धवट. पुढचं सगळं पथ्य या एका गोष्टीतून निघतं.

ते दाबून ठेवणारं औषध म्हणजे सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस. सगळ्या गोळ्यांत चुका सर्वांत जास्त याच गोळीच्या होतात. बारा तासांच्या अंतराने घ्यायची, सकाळी नऊ आणि रात्री नऊ असं काहीतरी ठरवून. रक्तातली पातळी कमी झाली तर डोनरच्या पेशी उठतात, जास्त झाली तर किडनी बिघडते, हात थरथरतात, बीपी वर जातं. पातळी तपासतात ती गोळीचा असर सर्वांत कमी असताना, म्हणजे पुढची गोळी घ्यायच्या जरा आधी. म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी घरून घेऊन निघायचं नाही. ती डबीत बरोबर न्यायची आणि रक्त दिलं की तिथल्या तिथे घ्यायची. घरून गोळी घेऊन गेलात की पातळी खोटी वर दिसते, त्यावर डोस कमी होतो, आणि आठवड्याने अंगावर पुरळ आलं की कारण शोधत बसावं लागतं. वहीत ‘रात्री ९.१०, रक्त सकाळी ९.४०’ असं लिहिलेलं असेल तर हा घोळ तिथेच पकडला जातो. आणखी एक: वॉर्डात सायक्लोस्पोरिन शिरेतून दिलं असेल तर ते लाइनला (मोठ्या शिरेत बसवलेल्या, दोन-तीन तोंडांच्या नळीला) आतून चिकटून राहतं. नळीच्या त्याच तोंडातून रक्त काढलं तर आकडा भलताच येतो. कुठल्या रंगाच्या तोंडातून औषध जात होतं ते लक्षात ठेवा आणि रक्त दुसऱ्या तोंडातून किंवा हाताच्या शिरेतून काढायला सांगा.

केमिस्टने ‘हीच गोळी, दुसरी कंपनी’ म्हणून हातात ठेवली तर घेऊ नका, आधी हॉस्पिटलला फोन करा. टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा घ्यायचं असतं तसं एकदा घ्यायचंही मिळतं. नाव जवळपास सारखं, खोका तसाच. कोपऱ्यावरच्या दुकानात हे औषध बहुधा नसतंच, म्हणून निदान दहा दिवसांचा साठा घरात हवा. गोळीनंतर उलटी झाली तर किती मिनिटांनी झाली, उलटीत गोळी दिसली का, हे लिहून विचारा. अंदाजाने दुसरी देऊ नका.

या औषधाचं बुरशीच्या औषधांशी नातं गुंतागुंतीचं आहे. व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही सायक्लोस्पोरिन-टॅक्रोलिमसची पातळी वर ढकलतात, म्हणून डोस कमी ठेवलेला असतो. ही बुरशीची गोळी संपली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पातळी आठवडाभरात खाली येते. म्हणजे एक गोळी बंद झाली की दुसरीचं रक्त तपासायला हवं, हे घरच्यांनीच विचारायचं. फळांपैकी चकोतरा आणि पपनस पूर्ण वर्ज्य. गणपतीच्या फळांत पपनस असतंच आणि प्रसाद म्हणून एक फोड हातात येतेच, तेव्हा आधीच सांगून ठेवा. गुळवेल, अश्वगंधा, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ कुठलाही काढा नको. इथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली आहे, ती चुकीच्या दिशेने वाढली तर डोनरच्या पेशी उठतात. शिवाय कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. ट्रान्सप्लांटनंतर बिलिरुबिन (काविळीचा आकडा) वाढलं की आधीच चार कारणं समोर असतात, त्यात पाचवं घालू नका.

मॅग्नेशियमचंही सांगायला हवं. सायक्लोस्पोरिन-टॅक्रोलिमस लघवीतून मॅग्नेशियम बाहेर टाकतं, म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या देतात, आणि त्या गोळ्यांनी जुलाब होतात. जुलाब दिसले की सगळ्यांच्या मनात आतड्याचा जीव्हीएचडी येतो. डोस कधी वाढवला आणि पातळ शौच कधी सुरू झालं, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहिलेल्या असतील तर डॉक्टरांना विचार करायला जागा मिळते. डोकं जोरात दुखणं, अंधुक दिसणं, बीपी अचानक चढणं हे मात्र वाट बघण्यासारखं नाही. त्यापुढची पायरी फिटचा झटका असू शकते.

तापाचा नियम सोपा, पण पाळणं अवघड. १००.४ फॅरेनहाइट एकदा जरी दिसलं तरी निघायचं. पॅरासिटामॉल आधी नाही. ताप उतरतो, जंतू तिथेच राहतो आणि तीन-चार तास वाया जातात. जंतू शोधायला रक्ताची कल्चर घेऊन पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं, अर्ध्या-एक तासाच्या अंतरावर राहायचं ते यासाठी. तोंड सोललेलं असेल आणि काखेत मोजत असाल तर आकडा अर्धा ते एक डिग्री कमी येतो, तेव्हा काखेची मर्यादा वेगळी विचारून घ्या. चहा पिऊन लगेच तोंडात थर्मामीटर ठेवू नका. स्टेरॉइड चालू असेल तर ताप येतच नाही असंही होतं. मग थंडी वाजणं, बीपी कमी होणं, माणूस विनाकारण झोपाळणं हाच ताप समजायचा. आणि लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे नळी आतून धुतल्यावर, अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरली, तर संशय लाइनवर. फ्लश किती वाजता केली हे कॅज्युअल्टीत आवर्जून सांगा. तिथला रात्रीचा डॉक्टर ट्रान्सप्लांटचा असेलच असं नाही. एका कागदावर डे झिरोची तारीख, मूळ आजार, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि युनिटचा नंबर लिहून तो कागद पिशवीत कायम ठेवा. मुंबईकडून खारघरला जाणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये सायन-पनवेल रस्त्याचा भरवसा धरू नये. संध्याकाळी ९९.८ असेल आणि बाहेर पाऊस कोसळत असेल तर फोन तेव्हाच करा, रात्री दोनला नव्हे.

डोनरच्या पेशी उठल्याची पहिली खूण बहुतेकदा कातडीवर दिसते: तळहात, तळपाय, कानाची पाळी, मानेमागे. कधी खाज, कधी गरम पाणी लागल्यासारखी आग. रोज अंघोळीनंतर उजेडात बघायचं आणि रोज त्याच कोनातून फोटो काढायचा. ‘कालपेक्षा वाढलंय वाटतं’ या वाक्याचा उपयोग नसतो. आतड्याचं माप मिलिलिटरमध्ये होतं. मोठ्या माणसात दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर पातळ शौच म्हणजे मोजदाद सुरू, हजाराच्या वर गेलं तर पुढची पायरी, दीड हजाराच्या वर गंभीर. म्हणून कमोडमध्ये ठेवायचं खुणांचं भांडं. किळस पहिले दोन दिवस वाटते. ‘सात-आठ वेळा झालं’ यापेक्षा ‘९०० मिलिलिटर, हिरवट, पाण्यासारखं’ याने उपचार लवकर ठरतो. तिसरी जागा यकृत. ते रक्तात आणि डोळ्यांच्या पिवळेपणात कळतं.

जीव्हीएचडीवर पहिला उपाय स्टेरॉइड, वजनाच्या किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम. गोळी सकाळी खाऊन घ्यायची. साखर मात्र सकाळी उपाशीपोटी बघून फसू नका. सकाळच्या प्रेडनिसोलोनने (हेच ते स्टेरॉइड) साखर चढते ती दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी. उपाशी ९५ आणि दुपारी चारला ३२० हे नेहमीचं चित्र. डोस कमी करताना एक पायरीही स्वतःहून खाली यायचं नाही आणि एकदम थांबवायचं तर अजिबात नाही.

जेवणाबद्दल जितकी घरं तितके नियम ऐकू येतात. सगळं कच्चं बंद करणाऱ्या कडक पथ्याने संसर्ग कमी होतो असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. स्वच्छता आणि नीट शिजवणं हे मात्र वादातीत. म्हणून युनिटचा कागद असेल तो पाळा आणि बाकी डोकं इथे लावा: प्रेशर कुकरमध्ये एका वेळेपुरतं थोडं शिजवा, गरम वाढा, दोन तासांनी उरलेलं घरच्या इतरांनी खावं. आमटीवर वरून कोथिंबीर नाही, घालायची तर उकळीच्या आधी. दाण्याची चटणी, मेतकूट, डब्यातली जुनी मसाल्याची पूड ताटात वरून घ्यायची नाही. बुरशीची बीजं अशा कोरड्या पुडीत आरामात राहतात. फोडणीत गेली तर चालते. ओल्या खोबऱ्याची चटणी, पाणीपुरी, उसाचा रस, बाहेरचा बर्फ बंद. जाड सालीची फळं घरी धुऊन, सोलून. द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी नंतर कधीतरी. दह्याबद्दल प्रत्येक युनिटचं मत वेगळं आहे, त्यावर घरात भांडू नका, विचारा. दुधाने पोट बिघडत असेल तर तो काही दिवसांचा प्रश्न असू शकतो, कारण केमोने आतड्याचं अस्तर गेलेलं असतं. पाणी खळखळून उकळू द्या, झाकून गार करा, त्याच दिवशी संपवा. किडनी सांभाळण्यासाठी मोठ्या माणसाला दिवसाला अडीच-तीन लिटर लागतं. पोटॅशियम वाढलं असेल तर शहाळं मात्र विचारल्याशिवाय नाही, आणि हे कुणालाच पटत नाही.

तोंडासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, रोज ताजं, दिवसातून चार-सहा वेळा चूळ. अल्कोहोलचा माउथवॉश आग करतो. चव परत यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर वरणभात कागदासारखा लागतो. स्वयंपाक करणाऱ्याने ते मनाला लावून घेऊ नये.

घरात कुंड्या नकोत, तुळसही काही महिने शेजारी द्या. माती उकरली की बुरशीची बीजं हवेत येतात. फुलदाणी, हार, धूप, उदबत्ती बाहेर. मुंबईत आणि नवी मुंबईत खरी डोकेदुखी दोन: कबुतरं आणि बांधकाम. खोली घेतानाच खिडकीखालचा छज्जा बघा. विष्ठा साचली असेल तर पेशंट यायच्या आधी ओली करून काढून घ्या, सुकी झाडू नका, आणि जाळी लावा. समोर इमारत पाडत असतील तर ती खोली स्वस्त असली तरी घेऊ नका. बाहेर पडताना मास्क एन-९५ हवा, कापडी नव्हे. उन्हात पूर्ण बाह्या, टोपी आणि सनस्क्रीन लावून जायचं, कारण ऊन कातडीचा जीव्हीएचडी जागा करतं, आणि व्होरिकोनॅझोल चालू असेल तर कातडी दुपटीने भाजते.

भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणणं हे औषधांपेक्षा कठीण. घरातल्या एकाच माणसाने वाईटपणा घ्यावा, सगळ्यांनी थोडा थोडा घेतला की नियम मोडतो. लहान मुलांचं एक खास सांगायचं आहे, जे आपल्याकडे हमखास राहून जातं. पल्स पोलिओचे थेंब जिवंत लसीचे असतात आणि डोस घेतलेल्या मुलाच्या शौचातून तो विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या बालरोगतज्ज्ञांना ट्रान्सप्लांटचं आधीच सांगा. इंजेक्शनच्या लसीचा पर्याय ते बघतील. थेंब दिले गेलेच असतील तर मुलाचे लंगोट पेशंटने हाताळायचे नाहीत आणि शक्य असेल तर काही आठवडे वेगळं राहायचं.

रक्त किंवा प्लेटलेट लागली तर पिशवीवर इर्रेडिएटेड लिहिलेलं वाचल्याशिवाय चढवू देऊ नका. किरण देऊन तिच्यातले लिम्फोसाइट निकामी केलेले असतात, नाहीतर तेच पेशंटच्या अंगात मूळ धरतात आणि तो जीव्हीएचडी बहुतेकदा जीवघेणा ठरतो. जवळच्या नातेवाइकाच्या रक्ताने हा धोका उलट वाढतो, म्हणून ‘भाऊ तयार आहे’ हा आग्रह सोडा. रक्तगट काही महिन्यांत डोनरचा होतो. मधल्या काळात कुठल्या गटाचं काय द्यायचं हे युनिट लिहून देतं. तो कागद लॅमिनेट करा, कारण तालुक्याच्या ठिकाणी जुन्या गटाच्या कार्डावरून पिशवी मागवली जाऊ शकते.

पायांतली ताकद गेलेली असते. स्टेरॉइडने आधी मांड्यांचे स्नायू झिजतात. माणूस सपाटीवर चालतो पण भारतीय संडासातून उठू शकत नाही, आणि पहिली पडझड तिथेच होते. कमोड खुर्ची पहिल्या दिवसापासून आणा. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून तीनदा, आणि पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या. प्लेटलेट खूप कमी असतील तर व्यायाम फिजिओला विचारून. पुढे कधी जांघेत दुखून लंगडायला झालं तर वात म्हणून चोळत बसू नका. स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, एमआरआय लागतो.

शंभर दिवस झाले की लोक पेढे वाटतात. वाटा, पण औषध कमी करायचा खरा नाजूक टप्पा कित्येकदा यानंतर येतो. ल्युकेमिया असेल तर दाबणारं औषध लवकर उतरवतात, कारण डोनरच्या पेशींनी उरलेल्या कॅन्सरपेशी टिपाव्यात असं वाटत असतं. थॅलॅसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमियात हे उतरवणं कित्येक महिने लांबवतात. जीव्हीएचडी बहुधा या उतरणीवरच परत डोकं काढतो: कोरडे डोळे, तोंडात पांढऱ्या रेषा, जिना चढताना नवीनच लागलेली धाप. धाप लागली तर छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून थांबू नका, स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसं तपासणं) मागा. सीएमव्ही या विषाणूसाठी पीसीआर ही रक्ततपासणी पहिले १०० दिवस साधारण दर आठवड्याला होते. त्यावरचं व्हॅलगॅनसायक्लोव्हिर सुरू झालं तर रक्तपेशींचे काउंट पुन्हा पडतात, ते अपेक्षित आहे. लघवीला आग आणि रक्त, तेही अर्ध्या जुळणीच्या ट्रान्सप्लांटनंतर, म्हणजे बीके विषाणू असू शकतो. साध्या युरीन इन्फेक्शनच्या गोळ्यांवर आठवडा घालवू नका.

लहानपणी घेतलेल्या लसी पुसल्या गेलेल्या असतात, त्या परत घ्याव्या लागतात. न्यूमोकोकलची सुरुवात तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, फ्लूची साधारण सहाव्या महिन्यापासून, मग धनुर्वात-घटसर्प, हिपॅटायटिस बी, इंजेक्शनचा पोलिओ. गोवर-गालगुंडाची जिवंत लस दोन वर्षांच्या आत नाही, आणि तेव्हाही दाबणारी औषधं बंद असतील आणि जीव्हीएचडी नसेल तरच. गावी परतल्यावर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना हे वेळापत्रक नवीन वाटणार, म्हणून निघायच्या आधी युनिटकडून सहीशिक्क्याचं पत्र घ्या आणि वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवा.